पृथ्वीच्या पोटात काय आहे, "कोणें पळयलां?" : सातवीच्या वर्गातला प्रश्न

खडू-फळा | मंगळवार, रात्री ९:१२

नमस्कार मंडळी. डिचोली तालुक्यातल्या एका शाळेत मी सातवीला भूगोल शिकवतो. आज पृथ्वीच्या अंतरंगाचा धडा होता. फळ्यावर नेहमीची वर्तुळं काढली. भूकवच, प्रावरण, गाभा. आकडे लिहिले: त्रिज्या ६,३७१ किलोमीटर, २,९०० वर प्रावरण संपतं, ५,१५० च्या खाली घन गाभा. मुलं वहीत उतरवून घेत होती. तेवढ्यात मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. त्याचे वडील चिरेखाणीवर कटर चालवतात. म्हणाला, "सर, पूण थंय कोण गेल्लो? कोणें पळयलां?" म्हणजे, पण तिथे गेलं होतं कोण, बघितलंय कोणी?

वर्ग हसला. मी "शास्त्रज्ञांनी अभ्यास करून शोधलंय" असं म्हणालो आणि धडा पुढे रेटला. घरी आल्यापासून ते मनाला लागून राहिलंय. हा पोर रोज बघतो की चिऱ्याचे चार थर काढायला किती घाम गाळावा लागतो, आणि पाऊस लागला की खाणीचं तळं होतं. त्याच्यासमोर मी २,९०० किलोमीटर हा आकडा तसाच टाकला. त्याने विचारलं तेच खरं विज्ञान होतं आणि मी त्याला खाली बसवलं.

शुक्रवारी त्याच वर्गावर पुन्हा तास आहे. मला थर पुन्हा सांगायचे नाहीत, ते कसे कळले हे सांगायचंय, तेही बारा वर्षांच्या मुलाला हाताने करून बघता येईल असं. इथे खाणीवर, जहाजावर, विद्यापीठात काम करणारे बरेच जण आहेत. मदत करा.

बोअरवाला साखळी | मंगळवार, रात्री ९:५०

सर, तुमच्या त्या मुलाला माझा नमस्कार सांगा. बावीस वर्षं बोअर मारतोय, हाच प्रश्न मला दर दुसऱ्या गिऱ्हाइकाकडून येतो: खाली पाणी आहे हे तुम्हाला कसं कळतं?

खाली काय आहे ते मी वर येणाऱ्या गाळावरून ओळखतो. आधी लाल, तो जांभा. मग पिवळट-पांढरी मऊ शेडी, हाताला साबणासारखी लागते. मग एकदम आवाज बदलतो, रिग थरथरायला लागते आणि करडी-काळी भुकटी उडते. आवाज बदलला की डोळे मिटून सांगतो, कठीण दगड लागला. तीनशे-साडेतीनशे फुटांवर आमचं काम संपतं.

रशियाच्या कोला द्वीपकल्पावर १९७० साली खोदायला सुरुवात केली, १९८९ मध्ये १२,२६२ मीटरवर पोचले. भोक केवढं, तर वीतभर रुंद. तिथे खाली १०० अंश तापमान असेल असा हिशेब होता, निघालं १८०. तेवढ्या उष्णतेत आणि दाबात दगड दगडासारखा वागत नाही, भोक बुजत येतं. बिट बदलायला सगळी सळई वर काढायची आणि परत सोडायची, बारा किलोमीटर! हे काम करणाऱ्या माणसालाच कळेल ते काय आहे ते. आणि इतकं करून ते कवचातच होते.

ताळगाव पठार | मंगळवार, रात्री ११:०५

सर, मी भूशास्त्रात एमएस्सी करतेय. तुमचा प्रश्न वाचून झोप उडाली म्हणून लिहायलाच बसले. लांब होईल.

साखळीच्या काकांनी सांगितलेलं भोक मुलांना असं दाखवा. पर्र्याचं कलिंगड घ्या, फूटभर व्यासाचं. ती पृथ्वी मानली तर कोलाचं भोक पाव मिलिमीटरच्या जरा पुढे जाईल. हिरव्या सालीवर नखाचा ओरखडा, बस. लाल गर दूरच, सालीचा पांढरा भागसुद्धा दिसला नाही.

आता कलिंगड न कापता ते पिकलंय की नाही हे बाजारात कसं बघतात? टिचकी मारून, कान लावून. पृथ्वीला टिचकी मारायची ताकद आपल्यात नाही, ती भूकंप मारतो. भूकंपाच्या लाटा पृथ्वीच्या आतून आरपार जातात आणि दुसऱ्या बाजूला ठेवलेल्या भूकंपमापकाला हलवतात. पृथ्वीच्या पोटाबद्दल आपल्याला जे माहीत आहे त्यातलं बहुतेक सगळं या कान लावण्यातून आलंय.

पण त्याच्याही आधीची एक गोष्ट मला फार आवडते, ती वजनाची. १७९८ साली हेन्री कॅव्हेंडिशने लंडनमध्ये घरात बसून पृथ्वीची घनता काढली. शिशाचे दोन मोठे गोळे, तारेला टांगलेल्या दांडीच्या टोकांना दोन लहान गोळे, आणि मोठा गोळा लहान गोळ्याला किती ओढतो ते मोजायचं. खोलीत माणूस असला तर त्याच्या अंगाच्या उबेने हवा हलते, म्हणून तो बाहेरून दुर्बिणीने वाचन घ्यायचा. उत्तर आलं, पाण्याच्या साधारण साडेपाच पट. आज आपण ५.५१ मानतो. आणि पायाखालचा दगड? ग्रॅनाइट २.७, सह्याद्रीचा काळा पाषाण ३ च्या आसपास. वरचा दगड सरासरीच्या निम्मा, म्हणजे आत याहून कितीतरी जड काहीतरी असलंच पाहिजे. एकही खड्डा न खणता एवढं कळलं होतं.

लाटांचं उद्या लिहिते. ते घाईत उरकण्यासारखं नाही.

पेडण्याची माई | बुधवार, सकाळी ७:३०

भूकंपावरून आठवण आली. डिसेंबर १९६७, कोयनेचा भूकंप. मी तेव्हा पाच वर्षांची, मला स्वतःला फक्त आईने उचलून अंगणात नेलेलं आठवतं. पण आजी ती हकिकत आयुष्यभर सांगायची. पहाटेची वेळ, ती जागीच होती. आधी मांडणीवरची पितळी भांडी किणकिणली. तिला वाटलं मांजर शिरलं. "हाड हाड" करत उठून बसली, वात मोठी केली, मांडणीकडे बघितलं तर मांजर नाहीच. आणि मग खाट सरकली, लामणदिवा हेलकावे घ्यायला लागला, कौलं वाजली. "आधी निरोप आला, मग पावणा आला" असं ती म्हणायची. आम्ही पोरं ते भुताखेताच्या गोष्टीसारखं ऐकायचो. याचा तुमच्या विषयाशी संबंध आहे का ते माहीत नाही.

ताळगाव पठार | बुधवार, सकाळी ८:१५

माई!! आहे, सगळा संबंध तिथेच आहे. कॉलेजला निघालेय, संध्याकाळी सविस्तर लिहिते. आजींनी ऐकलं ते पुस्तकात वाचायला मला एक सत्र लागलं.

अंत्रुजकर | बुधवार, दुपारी १:४०

मला एक सांगा. वर कवचाचा पापुद्रा आणि खाली प्रावरण म्हणजे लाव्हाचा समुद्र, असंच ना? मुलीच्या पुस्तकात ते लालभडक दाखवलंय. मग जमीन त्यावर तरंगते असं सांगायचं का?

ताळगाव पठार | बुधवार, संध्याकाळी ७:२०

आधी माईंचं.

भूकंप झाला की दगडातून दोन जातीच्या लाटा निघतात. पहिली प्राथमिक, तिला पी म्हणतात. ती ढकलत जाते. मुलांना प्रार्थनेच्या रांगेत उभं करा आणि शेवटच्याला पुढे हलकेच ढकलायला सांगा, धक्का रांगेतून पुढच्या मुलापर्यंत जातो, मुलं आपापल्या जागीच राहतात. दुसरी दुय्यम, एस. ती आडवी हलवत जाते, रापणीचा, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्याचा, दोर झटकला की त्यावरून वळण धावत जातं तशी. कवचात पी सेकंदाला सहा किलोमीटर धावते, एस साडेतीनच्या आसपास. दोघी एकदम निघतात पण एकदम पोचत नाहीत.

कोयना ते पेडणे सरळ रेषेत साधारण १९० किलोमीटर. पी ला लागतील तीसेक सेकंदं, एस ला चोपन्न-पंचावन्न. मधे वीस-बावीस सेकंदांचं अंतर. आजी उठून बसल्या, वात मोठी केली, मांडणीकडे बघितलं, आणि मग खाट सरकली. तेवढाच वेळ लागतो की नाही? निरोप म्हणजे पी, पावणा म्हणजे एस. ढोबळ नियम असा की दोघींमधल्या दर सेकंदाला आठ किलोमीटर धरायचे, म्हणजे भूकंप किती लांब झाला ते कळतं. ११ डिसेंबर १९६७ ला पहाटे चार वाजून एकवीस मिनिटांच्या सुमारास कोयना हलली आणि पुढच्या मिनिटाच्या आत तुमच्या मांडणीने अंतर मोजून दिलं.

या दोन लाटा वेगवेगळ्या ओळखल्या त्या माणसाचं आपल्या देशाशी नातं आहे. रिचर्ड ओल्डहॅम, भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात नोकरीला होता. १२ जून १८९७ ला आसामात, शिलाँगच्या बाजूला प्रचंड भूकंप झाला. त्याचा अहवाल ओल्डहॅमने लिहिला. त्यासाठी लोकांच्या हकिकती गोळा केल्या, पडलेले खांब बघितले, तडे मोजले. मग त्याच भूकंपाच्या युरोपातल्या उपकरणांवर उमटलेल्या नोंदी बघितल्या आणि १९०० साली दाखवून दिलं की लांबवर पोचलेल्या थरथरीत तीन वेगळे भाग आहेत: पी, एस, आणि जमिनीच्या पाठीवरून येणारी संथ लाट. १९०६ मध्ये तो आणखी पुढे गेला. पृथ्वीच्या पार पलीकडे पोचणाऱ्या लाटा हिशेबापेक्षा उशिरा येतात, म्हणजे मध्यभागी काहीतरी वेगळं आहे जे त्यांना रेंगाळवतं. गाभ्याचा पहिला भक्कम पुरावा हा.

आता अंत्रुजकर दादांचा प्रश्न. नाही, प्रावरण लाव्हाचा समुद्र नाही. एस लाट आडवी हलवते, आणि आडवं हलवल्यावर परत जागेवर यायचं तर पदार्थ घट्ट हवा. पाण्यात दोर बुडवून झटका, पाणी नुसतं बाजूला होतं. द्रवातून एस जात नाही. पण प्रावरणातून ती २,९०० किलोमीटर खाली बिनदिक्कत जाते. म्हणजे प्रावरण घन दगडाचं आहे. तापलेलं, वर्षाला काही सेंटिमीटर सरकणारं, पण घन. लाव्हा जो येतो तो काही ठिकाणी वरच्या भागातला थोडासा दगड वितळून येतो. सत्तरीच्या हद्दीवर आणि तिथून वर बहुतेक महाराष्ट्रात जो काळा पाषाण पसरलाय, तो साडेसहा कोटी वर्षांपूर्वी असाच आला. पुस्तकातल्या त्या लाल रंगाने फार घोटाळा केलाय, माझ्यासोबत एमएस्सीला आलेल्या मुलांच्याही डोक्यात तो असतो. सर, शुक्रवारी प्रावरणाला लाल खडू वापरू नका, एवढं माझं ऐका.

खडू-फळा | बुधवार, रात्री ८:००

हिरवा वापरतो. आज दुपारीच मुलांना रांगेत उभं करून बघितलं. धक्का जातो, पण दोघेजण पडले.

ताळगाव पठार | बुधवार, रात्री ८:४५

हिरवाच योग्य! प्रावरणाच्या वरच्या भागातला मुख्य खनिज ऑलिव्हिन, तो हिरवा असतो.

पुढचं लिहिते, कारण खरी गंमत पुढे आहे. १९०९ च्या ऑक्टोबरात झाग्रेबजवळ भूकंप झाला. आंद्रिया मोहोरोविचिच तिथल्या वेधशाळेत होता. त्याला लांबच्या काही केंद्रांवर पी लाट दोनदा आलेली दिसली. एक नेहमीची, आणि एक तिच्याही आधी. जास्त लांबचा रस्ता घेऊन आधी कशी आली? आपल्याकडे गावातून जाणारा रस्ता जवळचा, पण बगल मारून हमरस्त्याला लागलं तर लांबून जाऊनही आधी पोचतो, तसं. खाली वेगवान रस्ता होता. तिथे लाट सेकंदाला आठ किलोमीटर धावते. कवच संपून प्रावरण सुरू होतं ती ही सीमा, पुस्तकातली मोहो विलगता. जमिनीखाली साधारण ३०-४० किलोमीटरवर, समुद्राखाली त्याहून खूप वर.

आणि सावली. भूकंपाच्या ठिकाणापासून साधारण साडेअकरा हजार किलोमीटरपर्यंत सगळीकडे पी आणि एस नीट पोचतात. तिथून जवळपास पावणेसोळा हजार किलोमीटरपर्यंतच्या पट्ट्यात सरळ येणारी पी मिळतच नाही. त्यापलीकडे पुन्हा मिळते, पण एस परत कधीच येत नाही. कॅलिफोर्नियात भूकंप झाला तर गोवा त्याच्या सावलीत येतो, नकाशावर मुलांना दाखवा. गाभ्याच्या कडेला पी लाट वाकते, पाण्यात घातलेली काठी वाकडी दिसते तशी, म्हणून मधे पट्टा कोरडा राहतो. या सावलीच्या कडेवरून बेनो गुटेनबर्गने १९१३ च्या सुमारास गाभ्याची सीमा २,९०० किलोमीटर खोलीवर बसवली. सर, तुमच्या फळ्यावरचा आकडा तो हा.

मडगावकर ७२ | बुधवार, रात्री १०:१०

वाचतोय, मनापासून. पण शंका मोकळेपणाने मांडतो. मी आयुष्यभर हिशेब तपासणीचं काम केलं. एकाच वहीवरून काढलेला ताळेबंद मी कधी खरा मानला नाही, दुसरी वही लागते. इथे सगळं लाटांच्याच वहीवरून चाललंय. लाटांचा अर्थच चुकीचा लावला असेल तर? आणि एस येत नाही यावरून गाभा द्रव आहे असं म्हणणं, ती लाट वाटेत विरून गेली असेल तर?

ताळगाव पठार | बुधवार, रात्री ११:३०

काका, तुम्ही जे विचारलंत तेच शास्त्रज्ञांनीही विचारलं होतं. म्हणून गाभा १९०६ ला कळला तरी तो द्रव आहे हे मान्य व्हायला १९२६ उजाडलं.

दुसरी वही होती भरती-ओहोटीची. चंद्र-सूर्याच्या ओढीने मांडवीचं पाणी चढतं तशी जमीनही चढते. पणजीची अख्खी जमीन, चर्च, बाजार, पाटो सगळ्यासकट, दिवसातून दोनदा फूटभर वर-खाली होते. सगळंच एकदम होतं म्हणून जाणवत नाही. पृथ्वी किती दबते-उचलते यावरून ती एकंदर किती ताठ आहे ते काढता येतं. हॅरोल्ड जेफ्रीजने हिशेब मांडला: एस लाटांवरून प्रावरण भलतंच ताठ निघतं, पण पृथ्वी एकंदरीत तेवढी ताठ नाही. ताळेबंद जुळायचा तर गाभ्याला ताठपणा नसायलाच हवा. म्हणजे द्रव. दोन वह्या, दोन वेगळे कारकून, उत्तर एक.

आणि अर्थ चुकतोसुद्धा. कोलाचंच उदाहरण आहे. लाटांचा वेग सात किलोमीटरच्या आसपास वाढतो, म्हणून तिथे ग्रॅनाइट संपून बेसाल्ट लागेल अशी अपेक्षा होती. भोक तिथवर गेलं, बेसाल्ट लागलाच नाही. ग्रॅनाइटच्याच जातीचा, बदललेला, तडे गेलेला आणि तड्यांत पाणी भरलेला दगड निघाला. लाटेने बदल बरोबर सांगितला होता, बदलाचं कारण माणसांनी चुकीचं लावलं होतं. साखळीच्या काकांना रिगचा आवाज बदललेला कळतो, पण भुकटी हातात आल्यावरच नाव सांगतात, तसं.

आपल्या जवळ कोयनेला असंच खोल भोक पाडायचं काम चाललंय. कऱ्हाडला त्यासाठी प्रयोगशाळा आहे आणि पथदर्शी विवर तीन किलोमीटर खोल नेलंय. तिथे काळा पाषाण साधारण सव्वा किलोमीटर जाडीचा निघाला, त्याखाली ग्रॅनाइट आणि पट्टीताश्म, म्हणजे उष्णतेने-दाबाने बदललेला पट्टेदार दगड. त्याच कुळातले प्राचीन खडक आपल्याकडे गोव्यात उघड्यावर आहेत. पारोड्याला चंद्रनाथाच्या डोंगरावर चढताना ज्या गोल गुळगुळीत धोंड्यांना टेकून आपण दम खातो, तो ग्रॅनाइट.

सांगें-सावर्डें | गुरुवार, सकाळी ६:४५

मी बारा वर्षं खनिज ट्रक चालवला. एक प्रश्न लहानपणापासून आहे आणि कधी कोणाला विचारला नाही. गाभा लोखंडाचा म्हणतात. मग आमच्या खाणीतलं लोखंड गाभ्यातून वर आलेलं आहे का?

ताळगाव पठार | गुरुवार, दुपारी १:२०

दादा, हा प्रश्न सुंदर आहे. उत्तर मात्र उलटं आहे: गाभ्यातलं लोखंड वर येत नाही, ते फार पूर्वी वरून खाली गेलं. पृथ्वी कोवळी असताना वितळलेल्या अवस्थेत होती. जड लोखंड तळाशी उतरलं, हलका दगड वर राहिला. दगडात थोडं लोखंड उरलं. अडीचशे कोटी वर्षांच्या आसपास किंवा त्याआधी, समुद्राच्या पाण्यात विरघळलेलं लोखंड थरावर थर साचत गेलं. एक पट्टी लोखंडाची, एक गारेची. तुम्ही खाणीत हे पट्टेदार दगड शेकडो वेळा भरले असतील, कापलेल्या बाजूवर वहीच्या ओळींसारख्या रेघा दिसतात. नंतर पावसाने त्यातली गार झिजवून नेली, उरलं ते खनिज. म्हणजे आपलं लोखंड समुद्राचं आहे.

मग गाभा लोखंडाचाच कशावरून? एकच पुरावा नाही, बरेच आहेत. तेवढं जड आणि विश्वात तेवढं मुबलक दुसरं काही नाही. आकाशातून पडणाऱ्या उल्कांमध्ये काही सबंध लोखंड-निकेलच्या असतात, त्या अशाच फुटलेल्या लहान ग्रहांचे गाभे मानतात. होकायंत्राची सुई फिरते, म्हणजे आत वीज वाहून नेणारं, वाहतं काहीतरी आहे. तापलेलं लोखंड ७७० अंशांना चुंबकत्व सोडतं, तेव्हा आत घट्ट लोहचुंबक असणं शक्य नाही, वाहता धातूच हवा. या चुंबकत्वाची नोंद आपल्या अलिबागला १९०४ पासून ठेवतात. आधी ती मुंबईत कुलाब्याला होती, मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून हलवली.

प्रयोगशाळेतही बघतात. दोन हिऱ्यांची टोकं समोरासमोर, मधे केसाहून बारीक लोखंड, वरून लेसरची उष्णता. अंगठ्याएवढ्या उपकरणात गाभ्याएवढा दाब, वातावरणाच्या तीस-पस्तीस लाख पट. यातून एक गोष्ट कळली की बाहेरचा गाभा शुद्ध लोखंडापेक्षा थोडा हलका आहे. त्यात गंधक, सिलिकॉन, ऑक्सिजन, काय मिसळलंय यावर वाद अजून चालू आहे.

आणि नागपूर जिल्ह्यातल्या काटोलला २२ मे २०१२ ला उल्का पडली, आठवते? खरगपूरच्या आयआयटीतल्या लोकांनी तिचा तुकडा तपासला, त्यात ब्रिजमनाइट सापडलं. पृथ्वीवर सगळ्यांत जास्त असलेलं हे खनिज, पण ते सगळं प्रावरणात खोल. ते वर येऊन टिकत नाही. अवकाशात दोन धोंडे आदळले, क्षणभर तेवढा दाब आला, आणि प्रावरणाचा कण काटोलच्या वाटेने आपल्या हातात पडला.

दर्यावर्दी | गुरुवार, रात्री ८:३०

बाय, छान लिहितेस. मी निवृत्त आहे, संशोधन जहाजावर डेकवरची उपकरणं सांभाळायचो. लाटा ऐकायला कान कुठे ठेवतात ते मी सांगतो, कारण दोन तृतीयांशांहून जास्त पृथ्वी पाण्याखाली आहे आणि जमिनीवरच्या केंद्रांना ती बाजू नीट ऐकू येत नाही.

समुद्रतळाचा भूकंपमापक म्हणजे एक चौकट, त्यात काचेचे पोकळ जाड गोळे, वरून प्लास्टिकचं पिवळं-नारिंगी कवच. गोळ्यांत उपकरण, बॅटऱ्या, घड्याळ. खाली लोखंडी वजन. क्रेनने उचलून पाण्यात सोडायचा. चार किलोमीटर खोल जायला तासभर लागतो. मग महिनोन्महिने, कधी वर्षभर, तो एकटा तिथे काळोखात बसतो.

सगळ्यांत जपायचं ते घड्याळ. खाली उपग्रहाचा सिग्नल जात नाही. म्हणून सोडण्याआधी घड्याळ उपग्रहाशी जुळवायचं आणि वर काढल्याबरोबर पहिलं काम, ते किती चुकलं ते बघायचं. वर्षभरात सेकंदभर जरी पुढेमागे झालं तरी तो फरक दिवसांवर वाटून नोंदी दुरुस्त कराव्या लागतात. मघाशी आठ किलोमीटर म्हणालीस ना, एका सेकंदाला? त्यामुळेच.

काढायच्या वेळी जहाज त्याच जागी आणतात, पाण्यात आवाजाची खूण सोडतात. खालून उत्तर आलं की डेकवर सगळे गप्प होतात. वजन सुटतं, तो तरंगत वर यायला लागतो. तासाहून जास्त लागतो. मुद्दाम रात्री काढायचो, कारण वर आल्यावर त्याचा दिवा लुकलुकतो. भर समुद्रात, कठड्याला धरून सगळ्यांनी काळोखात डोळे ताणून उभं राहायचं. कोणीतरी ओरडतं, "तो बघ, डावीकडे!" एकदा एक वर आलाच नाही. उत्तर देत होता, पण सुटला नाही. चिखलात रुतला की काय, देव जाणे. पहाटेपर्यंत थांबलो आणि मग निघालो. एक वर्षाच्या नोंदी तिथेच राहिल्या. अजून आठवतं.

श्रीलंकेच्या दक्षिणेला समुद्राची पातळी हिशेबी पातळीपेक्षा शंभर मीटरहून अधिक खाली आहे, डोळ्यांना दिसत नाही पण उपग्रहाला दिसते. तिथलं गुरुत्वाकर्षण कमी आहे, म्हणजे खाली काहीतरी हलकं आहे. वास्कोच्या ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्राने तिथे असे मापक उतरवले होते. २०२३ मध्ये बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी संगणकावर बारा-चौदा कोटी वर्षांच्या हालचाली चालवून दाखवलं, की आफ्रिकेखालून सरकत आलेला तापलेला, हलका दगड याचं कारण असावा. आपल्या दारातल्या समुद्राची गोष्ट आहे, मुलांना जरूर सांगा.

खडू-फळा | शुक्रवार, रात्री ९:३०

आज तास झाला. सविस्तर सांगतो.

वर्गात दोन अंडी नेली, एक कच्चं, एक उकडलेलं. कोणतं कुठलं ते सांगितलं नाही. त्याच मुलाला पुढे बोलावलं. म्हटलं, फोडायचं नाही, आत काय आहे ते सांग. त्याने आधी कानाशी धरून हलवलं, मग टेबलावर गरगर फिरवली. उकडलेलं सरसर फिरलं, कच्चं अडखळत फिरलं. मग मी दाखवलं: फिरतं अंडं बोटाने क्षणभर थांबवायचं आणि बोट उचलायचं. उकडलेलं थांबलं ते थांबलं. कच्चं पुन्हा आपणहून फिरायला लागलं. वर्गात एकदम शांतता. तो म्हणाला, "सर, भितर उदक फिरतां अजून." मी म्हटलं, तू आत गेला होतास? तर हसला, आणि खाली न बसता तिथेच उभा राहिला.

मग रांग, दोर, सावलीचा नकाशा, सगळं केलं. प्रावरण हिरवं काढलं. इंगे लेमानची गोष्ट मी स्वतः वाचून नेली होती. डेन्मार्कची ही बाई, न्यूझीलंडमध्ये १९२९ ला झालेल्या भूकंपाच्या नोंदी बघत बसली. सावलीच्या पट्ट्यात, जिथे लाट यायलाच नको, तिथे बारीकशा लाटा दिसत होत्या. इतरांनी त्यांचं काही ना काही कारण लावून सोडून दिलं होतं. तिने सोडलं नाही. ओटच्या पुठ्ठ्याच्या डब्यांत कार्डं लावून वेळांच्या नोंदी ठेवल्या आणि १९३६ मध्ये सांगितलं, द्रव गाभ्याच्या आत आणखी एक गाभा आहे, त्यावरून या लाटा उलटून येतात. ती १०४ वर्षं जगली हे ऐकल्यावर मुलींनी टाळ्या वाजवल्या.

एका मुलीने विचारलं, तो आतला गाभा घन आहे हे कोणी ठरवलं? मला उत्तर आलं नाही. मी फळ्याच्या कोपऱ्यात प्रश्न लिहून ठेवला, या वेळी कोणाला बसवलं नाही. सांगाल का?

ताळगाव पठार | शुक्रवार, रात्री १०:१५

सर, तिला देवळातली घंटा सांगा. घंटा वाजवली की नादावरून कळतं, अखंड आहे की चीर गेलीय. खूप मोठा भूकंप झाला की अख्खी पृथ्वी घंटेसारखी नाद धरते. २००४ च्या सुमात्रा भूकंपानंतर ती कित्येक आठवडे घुमत होती, सगळ्यांत खर्ज नादाचा एक हेलकावा ५४ मिनिटांचा, आपल्या कानाला कधीच ऐकू न येणारा. आतला गाभा द्रव असता तर या नादांचे सूर वेगळे लागले असते. १९७१ मध्ये ते सूर तपासून तो घन असल्याचं दाखवलं. तिथे पाच-सहा हजार अंश तापमान आहे, तरी दाब एवढा की लोखंड वितळू शकत नाही.

माई, तुम्हाला एक विचारायचं राहिलं. त्या पहाटे घरातलं आणखी कोणी जागं होतं का?

पेडण्याची माई | शनिवार, सकाळी ७:०५

काल रात्रीच मामाला फोन केला. तो तेव्हा पंचवीस वर्षांचा होता. म्हणाला, भांडी वाजली तेव्हा मी ओसरीवर होतो, गाय ओरडली म्हणून कंदील घेऊन गोठ्याकडे निघालो. ओसरीच्या पायऱ्या उतरून अंगण ओलांडलं, गोठ्याच्या दाराला हात लावला आणि पायाखालची जमीन हलली. आज मी तेवढंच अंगण घड्याळ लावून चालून बघितलं. कंदील धरल्यासारखं, सावकाश. एकोणीस सेकंदं. दुसऱ्यांदा बावीस.

ताळगाव पठार | शनिवार, सकाळी ७:४०

माई, वाचून अंगावर काटा आला. मामांना आणखी एक विचाराल? लामणदिवा कुठल्या दिशेला हलत होता, कोयनेच्या बाजूला, म्हणजे उत्तर-दक्षिण, की आडवा? ओल्डहॅमने लोकांना असंच विचारलं असतं.

पेडण्याची माई | शनिवार, सकाळी ८:२०

विचारलं. म्हणाला, फोनवर नको, तू घरी ये, तुळई अजून तीच आहे, दाखवतो. उद्या जाते.